बुकिंगच्या फाइलचा सातबारा

"निकम मॅडम, माझी फाइल तुमच्या नावावर कशी काय झाली?"

शर्वरी निकमने कानातला इअरफोन काढला. "कोणती फाइल?"

"बुकिंगची."

"काल मी त्यात एक ओळ बदलली होती. हॉलच्या नावाआधी 'वातानुकूलित' दिसत नव्हतं, ते दिसेल असं केलं."

"एक ओळ बदललीत, मग सगळ्या ओळींवर तुमचं नाव कसं?"

तिनं खुर्ची सरकवत माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. डावीकडच्या बारीक पट्टीत, जिथं कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला ते दिसतं, तिथं वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. एस. निकम, एस. निकम, एस. निकम. कांद्याची रोपं लावावीत तसं, ओळीनं.

"अच्छा, ते होय," ती म्हणाली. "माझं आयडीई सेव्ह करताना सगळं आपोआप नीट लावतं. तुम्ही ओळ आत घ्यायला टॅब मारता, ते तिथं चार स्पेस टाकतं. शब्द एकही बदललेला नाही, सर. नुसती मोकळी जागा बदललीय."

"नुसती मोकळी जागा," मी म्हणालो.

बाई पुण्याहून आलेली. नुसत्या मोकळ्या जागेवरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांच्या बारशाला जात नाहीत, हे तिला कुणी सांगायचं. पण त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटलं ते विझायला पुढं फार मोठा कार्यक्रम व्हावा लागला.

आमचं ऑफिस साताऱ्यात, पोवई नाक्याजवळ. कंपनीचं नाव बिनचूक इन्फोटेक. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज आला की आम्ही फोनवर क्लायंटला सांगायचो, आमचा सर्व्हर चालू आहे. मालक भोईटे साहेब. एके काळी ते स्वतः कोड लिहायचे म्हणे, पण केबिनला काच बसल्यापासून त्यांनी कीबोर्डला बोट लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. गावाकडं त्यांची बांधावरून एक केस चालू होती, त्यामुळं त्या डाव्या पट्टीला ते सातबारा म्हणायचे. काही बिघडलं की काचेमागून आवाज यायचा, "सातबारा काढा. कुणाच्या नावावर आहे बघा."

आता आयडीई म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जावा, म्हणजे आमची कॉम्प्युटरची भाषा, ती लिहिणाऱ्याचं ते स्वयंपाकघर असतं. शेगडी, पातेली, मिसळणाचा डबा, सगळं एका जागी. लिहायचं तिथंच, चूक शोधायची तिथंच, चालवून बघायचं तिथंच. माझं होतं ते फुकटवालं, आणि ते ज्या लॅपटॉपवर चालायचं त्याला ऑफिसात गिरणी म्हणत. पंखा सुरू झाला की खरोखर दळण चाललंय असं वाटायचं. सकाळी ते उघडायला इतका वेळ घ्यायचं की आमच्यात एक रीतच पडून गेली होती. आल्या आल्या आयडीई चालू करायचं आणि खाली चहाला जायचं. चहा पिऊन, वडा खाऊन, नगरपालिकेला नावं ठेवून वर यावं तो ते नुकतं डोळे चोळत असायचं.

शर्वरीचं तसं नव्हतं. तिचा लॅपटॉप स्वतःचा, त्यात ते विकतचं आयडीई. काळी स्क्रीन, त्यावर रंगीत अक्षरं. ती पर्स ठेवायची तोवर ते उघडलेलं असायचं. त्यामुळं ती चहाला येत नसे. मला पहिला राग त्याचाच होता.

मी तिच्या स्क्रीनकडे बघायचं नाही असं ठरवायचो आणि दिवसभर तेच बघत बसायचो. ती दोन अक्षरं लिहायची, पुढचं सगळं ते स्वतः सुचवायचं. तिनं चूक करायच्या आधी ते तांबडी रेघ ओढायचं. माझं मला कालच्या चुका आज दाखवायचं. मी एखाद्या नावापुढं टिंब द्यायचो, आता पुढच्या शब्दांची यादी येईल म्हणून थांबायचो, आणि खिडकीतून अजिंक्यतारा बघायचो. मला त्या किल्ल्यावरची झाडी पाठ होती. ती सगळी माझ्या टिंबांमुळं.

आणि फाइल तिच्या नावावर होण्याच्या थोडं आधीच भोईटे साहेबांनी एक घोषणा केली होती. काचेचं दार उघडून ते बाहेर आले आणि म्हणाले, "कुदळेअण्णांचं दुसऱ्या टप्प्याचं काम येतंय. त्यासाठी एक नवा लॅपटॉप घेतोय. दणकट. त्यात ते विकतचं आयडीई, रीतसर पावती घेऊन. पण एकच."

"कुणाला?" मी विचारलं.

"बुकिंगची फाइल ज्याच्या नावावर, त्याला. कामाचा प्रमुखही तोच. ज्याची जमीन, त्याचं पीक. अण्णा पुढच्या महिन्यात येतील, त्यांच्यासमोर सातबारा काढू."

कुदळेअण्णा म्हणजे आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. कराड, कोरेगाव, रहिमतपूर अशी त्यांची मंगल कार्यालयं. कुठला हॉल, कुठल्या तारखेला, सकाळी की संध्याकाळी, हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर ठरायचं, आणि त्याचा जीव होता त्या बुकिंगच्या फाइलीत. ती फाइल गेली सहा वर्षं माझी होती. निदान मी तसं सगळ्यांना सांगत आलो होतो, आणि पट्टीत जी. ढवळे, जी. ढवळे असं माझं पीक उभं होतं. म्हणून साहेबांची घोषणा ऐकून मी त्या दिवशी सगळ्यांना माझ्याकडून वडे दिले होते. शर्वरीच्या आयडीईची मुदत दिवाळीला संपणार होती. तिनंही वडा खाल्ला होता, पण विचार करत खाल्ला होता.

आणि आता हे. चार स्पेस टाकून सगळं रान तिच्या नावावर.

मी शोधाशोध केली. माझ्या आयडीईतही नीट लावायची सोय निघाली, खोल कुठल्या तरी मेनूच्या पोटात. मी ती दाबली. गिरणीनं दळायला घेतलं. लॅपटॉप इतका तापला की खाली हात घालून पोळी भाजली असती. मी समोरच्या सरबताच्या गाड्यावरून बर्फ आणला, स्टीलच्या ताटात घातला, ताटावर लॅपटॉप ठेवला. वर टेबलफॅन लावला. चहा पिऊन आलो. फाइलीत पुन्हा टॅब उभे राहिले होते. मी ती सर्व्हरवर चढवली आणि पट्टी बघितली. जी. ढवळे, जी. ढवळे. इतकं बरं वाटलं की मी शीळ घातली.

तेवढ्यात खालचे डॉक्टर जिना चढून आले.

"ढवळे, वरून पाणी गळतंय."

"कुठं?"

"पेशंटच्या तोंडात. मी अजून चूळ भरायला सांगितलं नव्हतं."

बर्फ वितळून ताटात, ताटातून टेबलावर आणि टेबलावरून फरशीच्या भेगेत गेला होता. मी फडकं घेऊन खाली बसलो. पुसता पुसता वर पाहिलं तर शर्वरी तिच्या कामात होती. तिनं काहीतरी लिहिलं, सेव्ह केलं, चढवलं. बसली जागची हललीसुद्धा नाही.

मी उठून पट्टी बघितली. एस. निकम.

मला बर्फ लागला, पंखा लागला, डॉक्टरांची बोलणी लागली. तिला एक बोट लागलं. असूया म्हणतात ती अशी असते. दुसऱ्याला मिळालं म्हणून माणूस तितका जळत नाही. त्याला घाम न येता मिळालं, म्हणून जळतो.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी फाइल माझी, दुपारी तिची. मी जेवणाच्या सुट्टीत नांगरायचो, ती साडेतीनला परत पेरायची. कोडमध्ये एक शब्द इकडचा तिकडं होत नव्हता. कुदळेअण्णांची लग्नं सुरळीत लागत होती, मुंजी होत होत्या, साखरपुडे होत होते, आणि त्या सगळ्यांच्या खालून आम्ही जमीन आत-बाहेर करत होतो.

एकदा न राहवून मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही मुद्दाम करताय."

"काय, सर?"

"हे. स्पेस."

"मी कशाला मुद्दाम करू? ते आपोआप होतं." मग किंचित हसून म्हणाली, "तुम्ही मात्र मुद्दाम करताय. आज तुमच्या ताटात बर्फाबरोबर लिंबूपण होतं."

"ते सरबतवाल्यानं दिलं."

"मला वाटलं, फाइलीची दृष्ट काढताय."

ती हसली की डावीकडं एक खळी पडायची. मी तिकडं बघायचं नाही असंही ठरवलं होतं.

मग तो फोन आला. ऐन लग्नसराईतला शनिवार होता. माझा जोर चालू होता, कारण शर्वरी दोन दिवस रजेवर जाऊन नुकतीच आली होती आणि तेवढ्यात मी फाइल भक्कम माझ्या नावावर करून ठेवली होती. भोईटे साहेब फोन कानाला लावून काचेबाहेर आले. त्यांचा चेहरा बघून आम्ही दोघंही उभे राहिलो. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

आधी बँड ऐकू आला. मग कळलं की बँड दोन आहेत आणि दोघं वेगवेगळं वाजवताहेत.

"भोईटे," कुदळेअण्णांचा आवाज त्यातून आला. "कराडच्या हॉलवर आहे मी. इथं दोन नवरदेव आलेत."

"दोन म्हणजे?"

"दोन म्हणजे दोन. एक घोड्यावर, एक जीपमध्ये. दोघांकडं तुमच्या कॉम्प्युटरची पावती. दोन्हीवर आजची तारीख, सकाळची वेळ. दोन नवऱ्या आत एकाच खोलीत बसल्यात आणि एकच आरसा आहे. मंगलाष्टका कुणाच्या म्हणू ते सांगा, भटजी माझ्या तोंडाकडं बघतोय."

भोईटे साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. शर्वरीनं तोवर तिच्या लॅपटॉपवर फाइल उघडलीसुद्धा होती. तिनं एका जागी बोट ठेवलं. मी ती जागा दोनदा वाचली. नवीन बुकिंग करताना सॉफ्टवेअर विचारायचं, हॉल रिकामा आहे का. पण आधीचं बुकिंग पुढं-मागं ढकललं, तर नव्या तारखेला हॉल रिकामा आहे का, हे विचारायचंच राहिलं होतं. जीपवाल्यांनी आजारपणामुळं तारीख पुढं ढकलली होती. ती येऊन घोडेवाल्यांच्या डोक्यावर बसली.

"भोईटे, ऐकताय ना," अण्णा म्हणाले. "हे ज्यानं लिहिलंय, त्याला माझ्यासमोर आणायचं. मी येतो साताऱ्याला. तो माणूस मला बघायचाय."

फोन बंद झाला. बँड थांबल्यावर ऑफिस फार शांत वाटलं. खाली डॉक्टर कुणाचा तरी दात कोरत होते.

"सातबारा कुणाचा आहे?" भोईटे साहेबांनी विचारलं.

"सध्या..." मी म्हणालो.

"सध्या नाही. अण्णा येतील तेव्हा बघू. एकदाच." ते आत गेले आणि काचेवरचा पडदा ओढला.

मी खुर्ची ओढून शर्वरीच्या टेबलापाशी गेलो. इतक्या प्रेमानं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

"मॅडम, मी विचार करत होतो. तुमची ती स्पेसची मांडणी खरंच सुरेख दिसते."

"नाही हो सर. टॅबची शोभा वेगळीच."

"वाचायला सोपं जातं स्पेसमध्ये. तुम्हीच म्हणाला होता."

"मी नवीन होते तेव्हा. आता कळलं, जुनं ते बघायची सवय लागली की तेच बरं."

"तुम्ही एकदा सेव्ह करून बघा ना. गंमत म्हणून."

"सेव्ह केलंय मघाशीच. काही होत नाही आता."

"का?"

"ते आपोआप लावायचं मी बंद केलं. सेटिंगमध्ये एक टिकमार्क असतो, तो काढला."

"एक टिकमार्क?"

"एकच."

मी तिच्याकडं बघत राहिलो. डॉक्टरांच्या पेशंटच्या तोंडात पाणी गेलं, माझी बोटं भाजली, सरबतवाल्याला बर्फाचा धंदा झाला, आणि ते सगळं एका टिकमार्कसाठी. "कधी काढला?"

"रजेवर जायच्या आधी. तुम्ही फारच हिरमुसलेले दिसत होता. म्हटलं, जाऊ दे, त्यांचं त्यांना राहू दे."

तर फाइल माझी झाली होती, ती मी जिंकली म्हणून नव्हे. तिनं सोडली म्हणून. मी परत जागेवर गेलो. पट्टीतली माझीच नावं माझ्याकडं बघत होती.

अण्णा यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी नोकरीच्या जाहिराती बघितल्या, त्या उघडायलाही गिरणीनं वेळ घेतला. लॅपटॉप तर गेलाच, आता नोकरीही जाणार हे धरून मी आईला फोनवर सांगून टाकलं की गावाकडं शेतीत लक्ष घालायचा विचार आहे. आई म्हणाली, तुला पाठीचा त्रास आहे, कॉम्प्युटरच बरा.

आले ते सोमवारी. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हातात मोठी पिशवी. ती त्यांनी खुर्चीखाली सरकवली. भोईटे साहेबांनी भिंतीवरच्या टीव्हीला माझा लॅपटॉप जोडायला सांगितला. गिरणी सुरू झाली. सगळे टीव्हीकडं बघत बसले. अण्णा पाणी प्यायले, मग चहा प्यायले, मग पुन्हा पाणी प्यायले.

"बंद पडलंय का?" त्यांनी विचारलं.

"उघडतंय," मी म्हणालो.

शेवटी फाइल आली, आणि भिंतीभर माझं नाव उभं राहिलं.

"अण्णा, आम्ही लपवाछपवी करत नाही," भोईटे साहेब म्हणाले. "सातबारा समोर आहे. ही फाइल ढवळेंची. सहा वर्षं हेच बघतात."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मोठ्या मिशीखाली त्यांच्या तोंडाचं काय चाललंय ते कळत नव्हतं. "हे तुम्ही लिहिलं?"

टेबलाखाली कुणीतरी माझ्या पायावर पाय मारला. शर्वरी शेजारी बसली होती, पण ती टीव्हीकडं बघत होती.

"अण्णा," मी म्हणालो, "मी हे लिहिलेलं नाही. मी फक्त नीट मांडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे टॅब घातले. मोकळ्या जागेत. शब्द माझे नाहीत."

आणखी एक लाथ बसली, आधीच्यापेक्षा जोरात. मी पाय आत घेतला.

भोईटे साहेब वैतागले. "ढवळे, सहा वर्षं माझी फाइल, माझी फाइल म्हणतोयस. वडे वाटलेस."

"साहेब, वरची नावं खरी नसतात. खालचं बघायला पाहिजे. निकम मॅडमच्या आयडीईत येतं ते. नावाखालचं नाव, त्याखालचं नाव. दाखवा मॅडम."

"राहू दे ना सर," शर्वरी हळूच म्हणाली.

"नाही, दाखवा."

"सर, मी सांगते म्हणून ऐका. गप्प बसा."

पण मला थांबवणं आता कुणाच्या हातात नव्हतं. तिनं सुस्कारा टाकला, आपला लॅपटॉप जोडला. काळी स्क्रीन क्षणात भिंतीवर आली. तिनं त्या चुकलेल्या ओळीवर माउस नेला आणि विचारलं, याच्या आधी कुणाचं होतं.

जी. ढवळेच्या खालून एस. निकम निघालं. त्याच्या खालून जी. ढवळे. त्याच्या खालून एस. निकम. ती दाबत गेली, नावं बदलत गेली. ढवळे, निकम, ढवळे, निकम. अण्णा मान इकडून तिकडं हलवत बघत होते.

"हे दोघं एकमेकांत काय खेळताहेत?" त्यांनी विचारलं.

"काम," भोईटे साहेब म्हणाले.

नावं मागं मागं गेली. आमचं युद्ध संपलं, मग बराच काळ एकटा जी. ढवळे. सहा वर्षांपूर्वीचा, मी नोकरीला लागलो त्या आठवड्यातला जी. ढवळे. शेजारी मी तेव्हा लिहिलेली टीपसुद्धा होती: फाइल नीट मांडली. बाकी बदल नाही.

मला ते खरंच आठवत नव्हतं. शर्वरीनं माझ्याकडं तिरकं बघितलं. "टॅब घातलेत," ती पुटपुटली. "नुसती मोकळी जागा."

"पुढं दाबा," मी म्हणालो.

तिनं दाबलं. खालून नाव निघालं: ए. भोईटे.

साहेब खुर्चीतून थोडे उठले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. नाव तेच होतं. त्याखाली आणखी काही नव्हतं, तिथं जमीन संपत होती.

मला जे सुख झालं ते काय सांगू. इतके दिवस काचेमागून सातबारा काढा, सातबारा काढा. मी हात बांधून बसलो आणि अण्णांकडं बघितलं, आता सुरू करा म्हणून.

अण्णांनी खुर्चीखालची पिशवी ओढली. त्यातून कंदी पेढ्यांचा खोका निघाला. मग शाल निघाली. मग एक तांबडा, जरीचा, बांधून तयार असलेला फेटा निघाला.

"भोईटे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ओला झाला. "आमच्या रणधीरचं जमलं."

रणधीर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. कार्यालयांचं स्वयंपाकघर सांभाळायचा. चाळिशी ओलांडलेली, आसपासच्या तालुक्यांतली स्थळं पाहून संपलेली. रोज दुसऱ्यांची लग्नं लावणाऱ्या घरात हा एक बिनलग्नाचा, त्यामुळं अण्णांच्या आईची अन्नावरची वासना उडाली होती.

"त्या दिवशी दोन वऱ्हाडं एकमेकांवर धावून जायला लागली," अण्णा सांगत होते. "रणधीर मधे उभा राहिला. म्हणाला, यांच्या मंगलाष्टका होईतो त्यांची पंगत, मग उलट. दोन्ही लग्नं लावली पठ्ठ्यानं. पण जीपवाल्या नवरीची आत्या आली भांडायला. वाईला हायस्कुलात गणित शिकवतात बाई. म्हणाल्या, तुमचं पंगतीचं गणित चुकलंय, जिलेबी शेवटच्या रांगेला पुरणार नाही. हा म्हणाला पुरंल. दुपारपासून दिवे लागेपर्यंत दोघं भांडत होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी भांडायला पुन्हा फोन केला. तिसऱ्या दिवशी यानं केला."

"आणि जिलेबी?" शर्वरीनं विचारलं.

"नाही पुरली. बाईंचंच बरोबर." अण्णांनी उपरण्यानं डोळे टिपले. "ही चूक ज्यानं केली तो माणूस मला बघायचा होता. आईनं सांगितलं, त्याला फेटा बांधल्याशिवाय परत येऊ नकोस."

त्यांनी फेटा उचलला. तो टेबलावरून, माझ्या नाकासमोरून गेला. जरीचा तुरा माझ्या कानाला लागला. तो भोईटे साहेबांच्या डोक्यावर जाऊन बसला आणि त्यांना असा शोभला की जणू मापानं केला होता.

तेव्हा मला कळलं की लाथा कुणाच्या होत्या आणि कशासाठी होत्या. शर्वरीला तिच्या जागेवरून खुर्चीखालची पिशवी दिसत होती. फेट्याचा तुरा बाहेर आलेला होता.

साहेबांनी आरशात, म्हणजे केबिनच्या काचेत स्वतःला पाहिलं. त्यांच्यात काहीतरी जागं झालं. "अण्णा," ते म्हणाले, "ती ओळ आज दुरुस्त करतो. माझ्या हातानं."

"अजिबात नाही," अण्णा म्हणाले. "शकुनाची ओळ आहे ती. कुणी हात लावायचा नाही. तारीख बदलली तर आमचा बुकिंगवाला डोळ्यांनी बघून घेईल."

"मग बाकीचं लिहितो. दुसऱ्या टप्प्याचं मीच बघतो. उगाच सोडलं मी कोडिंग." मग आमच्याकडं वळून, फेट्यासह, "तो नवा लॅपटॉप आला की माझ्या केबिनमध्ये लावा. ते विकतचं आयडीई पण."

अण्णा पेढे देऊन गेले. साहेब दिवसभर फेटा न काढता बसले. काचेतून तो तुरा दिसत राहिला. मी एक टिंब देऊन किल्ल्याकडं बघायला लागलो, तर खिडकीच्या काचेत, किल्ल्यासमोरही तुराच.

"किती वेळा पाय मारला तुम्हाला," शर्वरी म्हणाली.

"मला वाटलं, आता गप्प बस म्हणताय."

"तेच म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी चालू करून जिन्याकडं निघालो, तर ती पर्स न ठेवताच मागून आली. "तुमचं उघडायला अजून किती वेळ आहे?"

"बराच."

"चला मग, चहाला येते. वडा तुमच्याकडून. माझं दिवाळीला बंदच होणार आहे, सवय करून घेते."

आमच्या लग्नाची तारीख पुढं साहेबांच्या परदेश दौऱ्यासाठी एकदा बदलावी लागली. कराडचा हॉल अण्णांनी आम्हाला आहेर म्हणून दिला होता. मी अंतरपाटाच्या या बाजूला, मुंडावळ्या बांधून, तांदूळ हातात घेऊन उभा होतो, आणि भटजींनी पहिला सूर लावला तोच बाहेरून बँड ऐकू आला. आमचा बँड आत बसून सरबत पीत होता.

दार उघडलं. बुकिंगवाल्याचा त्या महिन्यात मोतीबिंदू निघाला होता, हे नंतर कळलं. ती ओळ जशीच्या तशी होती. इतक्या वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. आम्हीसुद्धा नाही, कारण हात लावला की नाव लागतं.

कुदळेअण्णा दोन्ही हात पसरून दारात धावले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. रणधीरराव आणि वाईच्या बाई लगेच पंगतीवरून भांडायला लागले. अण्णा मात्र दोन्ही वऱ्हाडांत फिरून एकेकाला विचारत होते, तुमच्यात कुणी बिनलग्नाचं आहे का.

मी वाकून बाहेर बघितलं. मी आलो होतो भोईटे साहेबांच्या गाडीतून, जिची मागची काच वर जात नाही. तो दुसरा नवरदेव घोड्यावर होता. घोडा पांढरा होता, आणि त्यालाही तुरा होता.

"ढवळे सर," अंतरपाटापलीकडून शर्वरी हळूच म्हणाली, "तिकडं बघू नका."

"नाही बघत," मी म्हणालो, आणि टाचा उंच केल्या.